किल्ल्याचा सातबारा

दामूअण्णापुढे चहा ठेवा, तो आधी कपाची चौकशी करतो. "कप टपरीचा का तुमचा?" टपरीचा म्हटलं की, "टपरी त्याची का भाड्याची?" तोवर चहावर साय धरते.

जुन्नरला रजिस्टर कचेरीसमोर चिंचेखाली त्याचं टेबल आहे. चाळीस वर्षं तो लोकांची खरेदीखतं लिहितोय. कुठलीही वस्तू दिसली की त्याचा एकच प्रश्न, "आधी कुनाचं व्हतं?" मी जुनी जीप घेतली, तेव्हा त्याने तिचे आधीचे तीन मालक शोधून काढले. त्यातला एक वारला होता. अण्णा त्याच्या घरी जाऊन बसून आला.

माझं नारायणगावात बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. हमालीपासून सुरुवात केली, बापाचं काही नव्हतं. जे घेतलं ते घासाघीस करून घेतलं, आणि जिथे हात घातला तिथून रिकामा परतलो नाही. अपवाद हा एकच माणूस. लेण्याद्रीच्या पायथ्याला रस्त्याला लागून त्याची वीस गुंठे जमीन आहे. तिथे मला लॉज बांधायचा आहे. तीन वर्षं मी मागे लागलोय आणि तीन वर्षं त्याचं एकच उत्तर.

"बहिणीची सही आना."

अहो, उताऱ्यावर बहिणीचं नावच नाही! एकट्या दामूअण्णाचं आहे. वकिलाला दाखवलं, तलाठ्याला दाखवलं. सगळे म्हणाले, सहीची गरज नाही. म्हातारा भाव वाढवतोय, दुसरं काय? मी दोनदा भाव वाढवून दिला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "भावाचं कोन बोलतंय, शेठ?" माझं डोकं फिरलं. एकदा त्याचं टेबलच ढकलून आलो.

मग बियाण्याच्या कंपनीने टार्गेटवर दोघांची परदेशची टूर दिली. बायको म्हणाली, "माझ्याच्यानं नाय विमानात बसवत." मी हिशेब केला आणि अण्णाला घेतलं. आठ दिवस माझं खाईल, माझ्या खोलीत झोपेल, तर परत येताना नाही कसं म्हणेल?

शेवटचा मुक्काम ऑस्ट्रियात, आल्प्सच्या डोंगरात. जुना किल्ला, आता हॉटेल. निघायच्या सकाळी रिसेप्शनला सोनेरी चौकटीत एक पाटी दिसली. किल्ला कोणाकोणाच्या हातातून आला त्याची. मी अण्णाच्या आणि पाटीच्या मध्ये उभा राहिलो, पण व्हायचं ते झालं.

अण्णाने पिशवीतून मोठा कागद काढला आणि रकाने आखले. देणार, घेणार, कशाने आला. आमच्याबरोबरची टूरवाली पुण्याची पोरगी बिचारी एकेक ओळ मराठीत सांगत होती. आधी बिशपाचा.

"बिशपाला कुनी दिला?"

"तसं लिहिलेलं नाही, काका."

"रिकामं ठेवतो."

मग सरदार, मग एक मोठा जमीनदार, त्याचे दोन मुलगे, त्यांच्याकडून बियरवाला, आणि शेवटी हॉटेल कंपनी. संपलं म्हणून मी बॅग उचलली. अण्णा पाटीशेजारच्या चित्रापुढे उभा. जमीनदार, त्याची बायको, दोन मुलगे आणि एक लहान मुलगी.

"ही पोरगी कुठं गेली?"

"कुठली पोरगी?"

"चित्रात तीन लेकरं हायेत. कागदावर दोनच."

टूरवालीने मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने खांदे उडवले. अण्णा हलेना. बाहेर बस हॉर्न देतेय, नाशिकचे डीलर खिडकीतून ओरडतायत, "ओ जुन्नरकर, किल्ला घेताय का काय राव?" शेवटी त्याने कागदाच्या तळाशी लिहिलं, 'एक मुलगी. नाव कळले नाही. हक्क अबाधित.' आणि तो कागद मॅनेजरच्या हातात दिला. त्या गोऱ्याने चक्क वाकून घेतला.

निघताना तिथल्या दुकानात त्याने एक लोकरी शाल उचलली. आठ दिवसांत त्याने स्वतःसाठी पाण्याची बाटलीही घेतली नव्हती. मी सवयीने भाव पाडायला पुढे झालो.

"हिचा भाव करू नका, शेठ."

बसमध्ये मात्र माझा ताबा सुटला. "मेलेल्या पोरीचा हक्क सांगता परक्या मुलखात, आणि माझी जमीन अडवता? तुमच्या बहिणीचं नाव तरी आहे का उताऱ्यावर?"

"न्हाई," तो म्हणाला. "मीच काढलं."

मी वळून त्याच्याकडे बघितलं.

"माझ्या हातचा पहिला दस्त. तिचं हक्कसोडपत्र. तिनं इचारलं, कसला कागद हाय रं दामू? म्हनलं, बँकेच्या कर्जाचा. तिनं अंगठा पुढं केला, मी धरून उठवला." त्याने मांडीवरच्या शालीची घडी नीट केली. "बोरीला असती. बोरी बुद्रुक. कळल्यापास्नं आली न्हाई. मी कुठल्या तोंडानं जानार?"

जुन्नरहून बोरी तासाभराचा रस्ता. मला हसावं की रडावं कळेना.

उतरण्याआधी त्याने शाल माझ्या मांडीवर ठेवली. "सही आनायला तुमी जानारच. येवढं द्या. माझं नाव सांगू नका. कंपनीनं दिली म्हना."

मी गेलो. लॉजसाठीच गेलो, उगाच मोठेपणा नको. शांताबाई, अण्णाची बहीण, ओट्यावर कांदे निवडत होत्या. मी संमतीचा कागद पुढे केला, आणि शाल.

"ही कुनी दिली?"

जन्मभर गिऱ्हाइकांशी खोटं बोलत आलोय. "कंपनीनं," म्हटलं.

त्यांनी शाल उलगडली, उन्हात धरली, पाठीवर ओढून घेतली. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कंपनीला म्हनावं, सवता ये. तिचं काय पाय मोडल्यात? सहीचं मंग बघू."

दुसऱ्या दिवशी मी चिंचेखाली जाऊन निरोप सांगितला. अण्णा कोणाचं तरी खरेदीखत लिहीत होता. सहीचं त्याने विचारलंच नाही.

"अंगावर घेतली?"

"घेतली. भर उन्हात."

त्याने दोन ओळी लिहिल्या. पेन थांबलं.

"उन्हात?"

"हो, अण्णा. उन्हात."