रेस पुढं ढकलली आहे

दर रविवारी सकाळी चेऊलकर काका बाल्कनीच्या कठड्याला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं एक लांबुळकं फडकं बांधतात. पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे, आणि सेक्रेटरी या नात्याने ती मनाई मीच लिहिलेली आहे. तेव्हा मी रीतसर नोटीस पाठवली : ‘आपला टॉवेल आत घ्यावा.’

उत्तर द्यायला काका स्वतः आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. नोटिशीची घडी माझ्या हातात परत ठेवत म्हणाले, “टॉवेल नाय साहेब, निशाण आहे. क्लबाचा रिवाज आहे.”

कसलं निशाण, असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, “मग ते धुता कधी?”

क्लब म्हणजे मुंबई बंदराच्या काठावरचा, शिडाच्या होड्यांचा, फार जुना क्लब. काका ‘आमचा क्लब’ असं अशा थाटात म्हणायचे, की मी त्यांना बडे मेंबर समजून बरेच दिवस लिफ्टचं दार धरून उभा राहत होतो. काका तिथं होड्या सांभाळायला होते. तसं त्यांनी कधी लपवलंही नव्हतं. मीच विचारलं नव्हतं. क्लबाचा इतिहास ते एका दमात सांगत : “गोऱ्या साहेबांनी काढला, पारशी शेठ लोकांनी सांभाळला, नेव्हीवाल्यांनी कप जिंकले, आणि आम्ही धुतला.” मग लिफ्टमध्ये मजला येईपर्यंत उरलेलं. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, खरवडायच्या, रंगवायच्या. पाऊस सरला की नारळ फोडून पाण्यात सोडायच्या. दर रविवारी शर्यत. शर्यत सुरू व्हायची ती तोफेच्या आवाजावर, साहेब आलेला असो की नसो.

आमच्या सोसायटीची मीटिंग कधीच वेळेवर सुरू होत नाही, हे काकांना बघवेना. एकदा त्यांनी ठरल्या मिनिटाला इथल्या क्लबहाऊसबाहेर सुतळी बॉम्ब लावला. चेअरमन तात्यांचा चहा माझ्या इतिवृत्तावर सांडला. मीटिंग मात्र वेळेवर सुरू झाली. ती पहिली आणि शेवटची.

निवृत्त होताना क्लबाने काकांना विचारलं, घड्याळ हवं की मोडीत निघालेली एक जुनी होडी? काकांनी होडी घेतली. टेंपोत घालून घाट चढवून पुनावळ्याला आणली आणि मुलाच्या पार्किंगमध्ये लावली. तेव्हापासून दर वर्षी ते ती खरवडतात, रंगवतात, ताडपत्रीने झाकतात. पाण्यात मात्र कधी घातली नाही. डोलकाठी पार्किंगच्या छताला लागते म्हणून पाण्याच्या पाइपाला समांतर आडवी बांधून ठेवली आहे. तिच्यावर माझं डोकं इतक्या वेळा आपटलंय की काका आता रंग लावताना तेवढा भाग सोडून देतात.

तात्या इथले जुने जमीनवाले. आमची बिल्डिंग त्यांच्याच खाचरावर उभी आहे. ते मला म्हणाले, “सेक्रेटरी, हितं माझा भात हुता. गुडघाभर पाणी असायचं, तवाबी कुनी व्हडी आनली न्हाई. आन आता आनली व्हय?”

पण तात्या नुसते बोलतात. खरी अडचण काकांच्या मुलाची होती. प्रशांत चाकणच्या एका कंपनीत आहे. शांत माणूस, बोलण्यापेक्षा त्याला जांभई जास्त येते. त्याने यंदा गाडी घेतली. ती महिनाभर रस्त्यावर उभी राहिली आणि कुणीतरी तिचा आरसा तोडला. प्रशांत माझ्याकडे आला, खाली बघत म्हणाला, “दादा, बाबांना मी नाही सांगू शकत. तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. काका म्हणाले, “जागा त्याच्या मालकीची आहे. होडी हलवू.”

कुठं हलवायची, यावर मी माझी अक्कल चालवली. माझ्या साडूच्या ओळखीत एकाचं धरणाकाठी कृषी पर्यटन केंद्र आहे. त्याने होडी सोमवारी न्यायची कबूल केली. मी विजयी मुद्रेने काकांना म्हटलं, “पाण्याजवळ राहील.”

“पाण्यात की पाण्याजवळ?”

“जवळ. तिच्यात ते फुलझाडं लावणार आहेत.”

काकांनी मान हलवली. एरवी त्यांनी क्लबाचा कुठलातरी रिवाज सांगितला असता. फुलझाडांबद्दल क्लबाचा रिवाज नसावा.

मला चैन पडेना. शनिवारी संध्याकाळी खाली गेलो तर काका होडीला शेवटचा हात मारत होते. मी म्हटलं, काका, उद्या छोटा हत्ती बोलवू, थेरगावला नदीवर नेऊ. जलपर्णीतून वाट मिळेल तेवढी फिरू. ही होडी दोघांची असते हे मला ऐकून माहीत होतं : मागचा सुकाणू धरतो, पुढचा छोटं शीड सांभाळतो. मला पोहता येत नाही, तरी मोठ्या मनाने मी पुढच्या फळीवर जाऊन बसलो. फळी कण्हली.

“उठा साहेब,” काका हळूच म्हणाले. “ती जागा ठरलेली आहे.”

कुणाची, असं मी विचारलं. यावेळी प्रश्न बरोबर पडला.

काकांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. प्रशांत लहान असताना रोज विचारायचा, बाबा, मला होडीत कधी नेणार? आईबरोबर धक्क्यापर्यंत यायचा. पण रविवारी शर्यत, म्हणजे रविवार साहेब लोकांचा. काकांना सुट्टी सोमवारी, तेव्हा त्याची शाळा. पुढं त्याने विचारणं सोडलं. आता काकांचे सगळे वार मोकळे, तर प्रशांतच्या रविवारी कंपनीचा ओव्हरटाइम. नसला तर झोप.

“त्याची चूक नाय,” काका म्हणाले. “त्याचे रविवार आधी मीच खाल्ले.”

“मग त्याला एकदा बोलवा तरी.”

“होडीवाला बोलावत नाय साहेब, निशाण लावतो. लाल-पांढरं लावलं म्हणजे रेस पुढं ढकलली. ते खाली उतरलं की रेस सुरू. रद्द झाली त्याचं निशाण वेगळं असतं.” ब्रश पुसत म्हणाले, “ते मी शिवलेलं नाय.”

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सोसायटीत सर्वांना माहीत आहे. त्याच रात्री प्रशांत थर्ड शिफ्टला निघाला तेव्हा मी त्याला गेटवर गाठलं आणि टॉवेलपासून सगळं सांगून टाकलं. तो वर बाल्कनीकडे बघत राहिला. कठडा रिकामा होता. कंपनीच्या बसने हॉर्न दिला आणि तो चढला. झाली आणखी एक घाण, असं म्हणत मी वर आलो.

रविवारी दूध आणायला गेलो तेव्हा निशाण होतं. परत आलो तेव्हा नव्हतं.

मी तसाच पिशवी घेऊन पार्किंगमध्ये गेलो. होडीवरची ताडपत्री काढलेली होती. पुढच्या फळीवर प्रशांत बसला होता. कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड, हातात छोट्या शिडाची दोरी, आणि हनुवटी छातीवर. गाढ झोपला होता. मागे काका सुकाणूवर हात ठेवून ताठ बसले होते आणि मधूनमधून सुकाणू जरासं वळवत होते, मुलाला धक्का लागणार नाही इतपत. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात तात्यांची गाडी उतारावरून आत आली. तात्या वळणावर हॉर्न दिल्याशिवाय वळत नाहीत. मी दुधाची पिशवी उंच धरून आडवा पळालो, अर्थातच डोलकाठीवर आपटलो, आणि कपाळ धरूनच गाडीसमोर उभा राहिलो.

“काय झालं वो?” तात्यांनी काच खाली केली.

“आवाज नको. रेस चालू आहे.”

तात्यांनी माझ्या खांद्यावरून होडीकडे पाहिलं. मग गाडीचं इंजिन बंद केलं.