माईंची बिनखर्चाची भेट

विकत आणलेली भेट ही आळशी माणसाची भेट असते, असे माईंचे ठाम मत होते. आणि माईंचे मत त्या घरात हवामानासारखे होते. ते पटते का, असे कुणी कुणाला विचारत नसे. बाहेर पडताना जो तो मुकाट्याने छत्री घेत असे.

"यंदाच्या नाताळात बाजारातून एक सुतळीसुद्धा विकत आणायची नाही!" डिसेंबरातल्या एका सकाळी माईंनी जेवणाच्या टेबलावरून जाहीर केले. "भेटीला पैसा लागत नाही, डोळे लागतात. समोरच्याला काय हवंय ते दिसायला हवं. मला दिसतं! या घरात कुणाच्या मनात काय आहे, ते त्याच्याआधी मला कळतं."

चिरंजिवांनी चहात बिस्कीट बुडवले. सूनबाईने चिरंजिवांकडे पाहिले. आबांनी, म्हणजे माईंच्या यजमानांनी, मान डोलावली. आबांच्या कानातले ऐकण्याचे यंत्र तीन वर्षांपासून बंद होते. आबा रोज सकाळी ते नेमाने कानात घालीत आणि दिवसभर माईंच्या प्रत्येक वाक्याला नेमाने मान डोलावीत. असा संसार दुसऱ्या कुणाला लाभला असेल, असे माईंना वाटत नसे.

नाताळ शुक्रवारी होता. त्याआधीच्या रविवारी धुण्याचे कपडे वेगळे करताना चिरंजिवांच्या सदऱ्याच्या खिशात माईंना एक कागद सापडला. चिरंजीव नकाशे काढण्याच्या कचेरीत कामाला. त्यामुळे कागदावरच्या दोन खोल्या, त्यांचे स्वयंपाकघर आणि त्यातला ओटा अगदी मापात काढलेला होता. कपाट कुठे, पलंग कुठे, सगळे ठरलेले! आणि खाली सूनबाईच्या अक्षरात एक ओळ: 'नाताळच्या दुपारी बारापर्यंत घरमालकांना कळवायचे.'

माई धुण्याच्या ढिगावरच बसल्या.

वेगळे राहणार! एकुलता एक मुलगा, एकुलती एक सून, आणि वेगळे राहणार! पण रडणे हा माईंचा स्वभाव नव्हे. पाच मिनिटांत त्या उठल्या, कागद पोलक्यात खोचला आणि परक्याच्या नजरेने सारे घर हिंडून आल्या. तेव्हा त्यांना दिसले ते असे. दारावरची घंटा मुकी. दिवाणखान्यातले घड्याळ वीस मिनिटे पुढे. घरातल्या बोळाच्या टोकाला चिरंजीव-सूनबाईच्या खोलीचे दार उघडताना असे किंचाळे, की जणू कुणी मांजराच्या शेपटीवर पलंग ठेवला आहे. बोळात ऐकू यायचे, स्वयंपाकघरात ऐकू यायचे, वाऱ्याची दिशा बरोबर असली तर कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही ऐकू यायचे.

"अशा मोडक्या घरात कोण राहील!" माई स्वतःशी म्हणाल्या. "पोरं तोंडानं बोलत नाहीत, एवढंच."

आणि भेट तिथेच ठरली. जे जे बिघडले आहे ते ते गुपचूप दुरुस्त करायचे. साहित्य म्हणून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी, एक पेचकस आणि कापूस, मजुरी स्वतःची. शुक्रवारी सकाळी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. मग पाहू कोण घर सोडून जातो ते!

सोमवारी माईंनी घंटेची सुटलेली तार जोडली. संध्याकाळी ती पहिल्यांदा खणखणली तेव्हा चिरंजिवांच्या हातातले वर्तमानपत्र खाली पडले.

"घंटा? आपली घंटा?"

दारात वरच्या मजल्यावरचे विमावाले उभे होते. गेली चार वर्षे हे गृहस्थ दर सोमवारी येऊन घंटा दाबीत, थोडा वेळ वाट पाहत आणि 'घरी नाहीत वाटतं' असे पुटपुटत वर निघून जात. आज दार उघडले! विमावाले आत आले, बसले, आणि चिरंजिवांना कोणकोणत्या प्रकारे मरण येऊ शकते ते त्यांनी सव्वानऊपर्यंत सविस्तर समजावून सांगितले.

"उद्या पुन्हा येतो," जाताना ते म्हणाले. "अपंगत्व राहिलंच."

चिरंजिवांच्या डोळ्यांत पाणी आले. घरात माणसांची ये-जा सुरू झाल्याचा आनंद, असा माईंनी त्याचा अर्थ लावला.

मंगळवारी माईंनी घड्याळ बरोबर लावले. त्या सकाळी चिरंजीव नेहमीप्रमाणे घड्याळात आठ वाजून वीस मिनिटांनी निघाले आणि अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आले. कचेरीची बस गेली होती.

"दहा वर्षांत पहिल्यांदा!" ते ओरडले. "आज साहेबांसमोर नकाशा ठेवायचा होता माझा!"

"आता वेळ खरी कळू लागली ना," माई शांतपणे म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. पाणी पी."

बुधवारी दुपारी, घरात कुणी नसताना, माईंनी खोलीच्या दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांत तेल सोडले. दार एका बोटाने हलले. आवाज शून्य! माईंनी ते कौतुकाने अकरा वेळा उघडून मिटून पाहिले.

आता त्या दाराविषयी एक गोष्ट सांगायला हवी. माई ते कधीही ठोठावीत नसत. स्वतःच्या घरात दार ठोठावणे म्हणजे स्वतःचे तोंड धुताना गालाची परवानगी मागणे, असे त्यांना वाटे. चार वाजता सूनबाई दंतवैद्याच्या दवाखान्यातले काम आटोपून घरी आली आणि खोलीत गेली. थोड्या वेळाने इस्त्रीचे कपडे घेऊन माईही गेल्या. दार मुकाट उघडले. सूनबाई खिडकीकडे तोंड करून बहिणीशी फोनवर बोलत होती. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, हनुवटी वर.

"'सूनबाई! पातेलं घासायचं असतं, गोंजारायचं नसतं!'" सूनबाई भारदस्त आवाजात म्हणत होती. "'आमच्या वेळी आम्ही पातेल्यात तोंड पाहून वेणी घालत होतो!' अगं, हसू नकोस, रोज ऐकते मी! आणि मग अशी मान करतात..."

मान करण्यासाठी सूनबाई वळली.

तिने जी किंकाळी फोडली ती पूर्वीच्या दाराहून वरच्या पट्टीतली होती.

"कपडे," माई म्हणाल्या आणि ते पलंगावर ठेवून बाहेर आल्या. नक्कल कुणाची होती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. कुणीतरी खाष्ट बाई असावी. दवाखान्यात काय काय माणसे येतात!

गुरुवारी आबांची पाळी. सकाळी आबा अंघोळीला गेले असताना माईंनी ते कानाचे यंत्र उघडले. आतला बारीकसा सेल उलटा बसवला होता. उलटा! तीन वर्षे! माईंनी तो सुलटा केला, कापसाने यंत्र पुसले आणि जागच्या जागी ठेवले.

आबांनी ते कानात घातले, टेबलाशी बसले, चहाचा कप उचलला.

"अहो, साखर कमी घाला!" माई म्हणाल्या.

आबा कपासकट उडाले.

"अगं, केवढ्यानं ओरडतेस!"

माईंच्या हातातला चमचा थांबला. आबांनी उत्तर दिले होते! आणि त्यांनी एकदा तोंड उघडल्यावर ते दिवसभर मिटले नाही. माई म्हणाल्या, धाकट्या भावाला नाताळला बोलावू. आबा म्हणाले, तो माणूस मला कधीच आवडला नाही. माई म्हणाल्या, खिडकी लावा. आबा म्हणाले, का? 'का' हा शब्द माईंनी आबांच्या तोंडून लग्नानंतर प्रथमच ऐकला.

रात्रीच्या जेवणाला चिरंजीव सूनबाईच्या कानाशी कुजबुजले, "मालक उद्या बारापर्यंतच थांबणार म्हणाले."

"कोण मालक?" आबांनी खणखणीत आवाजात विचारले. "कशाला थांबणार?"

चिरंजीव पाण्याच्या ग्लासात बघू लागले.

"जेवा तुम्ही!" माईंनीच विषय मिटवला. उद्या चिठ्ठ्या वाचतील, मग कसले मालक आणि कसले काय!

शुक्रवारी सकाळी नाताळाचे छोटे झाड दिवाणखान्यात चमचमत होते. केक कापून झाला. साडेदहाला माईंनी घसा साफ केला आणि तीन चिठ्ठ्या वाटल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या, शिवणाच्या दोऱ्याने बांधलेल्या.

सूनबाईने आपली वाचली. "'खोलीच्या दाराची किरकिर कायमची बंद केली आहे. तुझी माई.'" तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "दार... तुम्ही?"

"'घंटा व घड्याळ,'" चिरंजिवांनी वाचले. "माई! तू?"

"मी!" माईंची मान ताठ झाली. "एका पैशाचाही खर्च नाही. फक्त डोळे!"

"अगं, ती घंटेची तार मीच काढली होती!" चिरंजीव कळवळून म्हणाले. "विमावाल्यांसाठी!"

"आणि घड्याळ?"

"ते पुढे आहे हे माहीत होतं मला. किती पुढे आहे तेवढं मी मुद्दाम विसरलो होतो. त्याच्यावर माझी नोकरी टिकून होती, माई!"

माईंनी आबांकडे पाहिले. आबांनी चिठ्ठी नाकाजवळ धरून पुन्हा पुन्हा वाचायला घेतली होती.

"अहो, तो सेल..."

"मीच," आबा कागदाआडून म्हणाले. "भांडण नको म्हणून."

माई खुर्चीवर टेकल्या. मग त्यांनी तो नकाशाचा कागद काढून टेबलावर ठेवला. "मला वाटलं, घर मोडकं आहे म्हणून जाताय तुम्ही. म्हणून केलं सगळं."

सूनबाईने तो कागद उचलला.

"माई," सूनबाई हळूच म्हणाली, "तो आम्ही टाकून द्यायचा कागद होता. शनिवारीच ठरलं होतं, इथंच राहायचं. एवढं छान चाललंय, कशाला जायचं."

"मग?"

"मग बुधवारी तुम्ही... कपडे घेऊन आलात. दार वाजलंच नाही. ते वाजलं की मला कळायचं तुम्ही येताय ते. फोन ठेवायला, पाय खाली घ्यायला, तोंडातलं गिळायला वेळ मिळायचा. त्या दाराच्या जोरावर मी सहा वर्षं सुखात काढली, माई! संध्याकाळीच मालकांना सांगितलं, जागा आमच्यासाठी ठेवा. बारा वाजता पक्कं करायचंय."

घड्याळात, आता अगदी बरोबर असलेल्या घड्याळात, पावणेअकरा झाले होते.

"साबण आणा!" माई गरजल्या.

पुढचा पाऊण तास त्या घराने जे पाहिले ते वर्णन करण्याजोगे नाही, तरी करते. माई स्टुलावर चढल्या. सूनबाईने स्टूल धरले. बिजागऱ्या साबणाने धुतल्या. दार हूं की चूं करीना. राख चोळली, दार लोण्यासारखे सरकले. मग कुंडीतली वाळू! आबा दार पुढेमागे हलवून कान लावीत आणि जाहीर करीत, "काही नाही! मला सगळं ऐकू येतंय, आणि काहीच ऐकू येत नाहीये!" एवढ्यात घंटा खणखणली. विमावाले आले, त्यांनी दार दोनदा हलवून पाहिले आणि म्हणाले, "वा! काय काम केलंय! आयुष्यभर वाजणार नाही."

त्यांना केक देऊन चिरंजिवांनी परत पाठवले.

साडेअकरा झाले. माई स्टुलावरून उतरल्या. हाताला राख, पदराला वाळू, आणि कपाळावर साबणाचा फेस. त्यांनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा सूनबाईकडे.

"मी खोकेन," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दारापाशी आले की खोकेन. मोठ्यानं."

ज्या बाईने हयातीत कुठल्या दाराला विचारले नव्हते, तिच्या तोंडचे हे शब्द होते.

"आणि खोकल्यावर थांबायचं, माई," सूनबाई म्हणाली. आवाज मऊ होता, पण हातात फोन होता. "दहा आकडे."

"दहा? घर आहे का कचेरी? तीन!"

"दहा."

"पाच. त्याच्यावर मी जाणार नाही."

"माई, पावणेबारा झालेत."

"दहा!" माई म्हणाल्या. "लाव फोन!"

सूनबाईने फोन लावला. 'नको' हा शब्द ऐकू येईपर्यंत माईंनी श्वास घेतला नाही. मग त्या तोंड धुवायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा आबा पुन्हा मान डोलावू लागले होते आणि घंटेची तार लोंबत होती. माईंनी दोन्हींकडे पाहिले आणि पेचकस खणात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीचे कपडे घेऊन माई बोळात शिरल्या. दारापाशी थांबल्या. खोकल्या. असा खोकला, की खाली रस्त्यावरच्या माणसाने वर पाहिले.

आत एकदम धावपळ उडाली. "आल्या!" कुणीतरी कुजबुजले. खण सरकला. कागद चुरगळला. काहीतरी पलंगाखाली गेले. कुणीतरी हसू दाबले, आणि तो आवाज तर आबांचा!

एक, माईंनी मोजले. दोन. तीन. आबा तिथे काय करताहेत? चार. पलंगाखाली काय गेले? पाच. कागद कसला? सहा. दिला शब्द म्हणजे दिला, दिली भेट म्हणजे दिली. सात. हात आपोआप कडीवर गेला.

आठ म्हणून माईंनी दार उघडले. भेटीवर किती खर्च करायचा, यालाही काही मर्यादा असते!