एकसष्ट नंबरचा फॉर्म

वरचे पन्नास फॉर्म तपासून झाले तेव्हा उत्कर्षाच्या लक्षात आलं, की हडपसरच्या या सॉफ्टवेअर कंपनीत कुणालाच कसलंही दुःख नाही. 'रात्री झोप लागत नाही, असं किती वेळा झालं?' एकदाही नाही. 'कशातच मन रमत नाही, असं किती वेळा झालं?' एकदाही नाही. अमेरिकेच्या घड्याळावर कामं करणाऱ्या, तांबारल्या डोळ्यांच्या पोरांनी हे लिहिलं होतं. एकाला तर लिहिता लिहिताच डुलकी लागली असावी. सातव्या प्रश्नापासून पेनाची रेघ पार कागदाच्या तळापर्यंत घसरत गेली होती.

नैराश्य वेळेत ओळखणारी वीस प्रश्नांची मराठी प्रश्नावली, हा तिच्या प्रबंधाचा विषय. ती भरवशाची आहे हे सिद्ध करायचं, तर त्याच माणसांना तेच प्रश्न दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचे आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. सांगायला सोपं. चार महिने स्वारगेटहून बसने खेटे घातल्यावर ही एक कंपनी कबूल झाली होती, आणि प्रबंधाचं तिसरं वर्ष संपत आलं होतं.

ती एचआर मॅनेजर दिग्विजय घोरपड्यांच्या केबिनमध्ये गेली.

“सर, फॉर्म भरण्याआधी तुम्ही लोकांना काही सांगितलं होतं का?”

“काही नाही. सहकार्य करा, असा मेल टाकला फक्त.”

त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. मेलच्या शेवटी एक ओळ होती : 'नव्या प्रोजेक्टसाठी आपल्याला मनाने खंबीर माणसं हवी आहेत.'

“हे कशाला लिहिलंत?”

“वरून सांगितलं होतं, काहीतरी उत्साहाचं लिहा म्हणून.” मग तिचा चेहरा बघून ते म्हणाले, “दुसऱ्या वेळी नीट लिहितो.”

त्यांनी खरंच नीट लिहिलं. 'मोकळेपणाने उत्तरं द्या. कुणाचंही नुकसान होणार नाही. उलट, ज्यांना त्रास आहे त्यांचा कंपनी सहानुभूतीने विचार करील.' हा मेल सकाळी गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कँटीनमध्ये त्याचा अर्थ पक्का झाला : ज्याचे मार्क जास्त, त्याची नाइट शिफ्ट सुटणार.

दुसऱ्या फेरीला हॉल वेळेआधीच भरला.

“ताई, कटऑफ किती आहे?” एका इंजिनिअरने विचारलं.

“असं नसतं हो. ही परीक्षा नाही.”

“तरी पण, साठपैकी पन्नासला होऊन जाईल ना?”

मागच्या रांगेतून कुणीतरी पुरवणी मागितली.

त्या दिवशी कंपनीवर दुःखाचा डोंगर कोसळला. पंचावन्नच्या खाली कुणी उतरायला तयार नव्हतं. जो तो रात्रंदिवस रडत होता, कुणाला अन्न गोड लागत नव्हतं, आणि हे सगळं गेल्या दोन आठवड्यांत झालं होतं.

उत्कर्षाने आकडे तिचे गाइड श्रीधर सरांपुढे ठेवले. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. दोन फेऱ्या जुळल्या, तर उत्तर एकच्या जवळपास यायला हवं. ते आलं होतं उणे शून्य पूर्णांक नऊ.

“शून्य आलं असतं तर प्रश्नावली बिनकामाची आहे, एवढंच म्हटलं असतं,” सर म्हणाले. “पण उणे नऊ दशांश? एवढं उलटं यायला अभ्यास लागतो.”

वाईट वाटून घेण्याइतकंही त्राण उत्कर्षात उरलं नव्हतं.

“आणि हे सगळं या एका फॉर्ममुळे,” सरांनी बोट ठेवलं. “एकसष्ट नंबर. सगळे शून्यावर असताना हा चव्वेचाळीसवर. सगळे साठवर गेले, तरी हा चव्वेचाळीसवरच. याला वगळ, म्हणजे हे उणे जाईल.”

“पण सर, दोन्ही वेळा तेच उत्तर दिलंय ते यानेच.”

सरांनी तो आकडा पुन्हा वाचला. “चव्वेचाळीस म्हणजे बरंच आहे,” ते हळूच म्हणाले. “यादी बघ, आणि जाऊन ये.”

कोणता नंबर कुणाचा, याची यादी फक्त तिच्याकडे होती. तिने ती उघडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हडपसरची बस धरली.

घोरपड्यांनी केबिनचं दार स्वतःच लावून घेतलं.

“माझा नंबर ना?” ते म्हणाले.

“हो. सर, तुम्ही दोन्ही वेळा तेच कसं लिहिलंत?”

“दोन्ही मेल मीच लिहिले होते ना, मॅडम. त्यांत काही अर्थ नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?” त्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. “मार्चपासून झोप नाही. घरी वाटतं, काम फार आहे. इथं वाटतं, घरचं काहीतरी असेल. विचारलं कुणीच नव्हतं. तुमच्या कागदावर विचारलेलं दिसलं, म्हणून लिहिलं.”

तिने डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि खणातून रजेचा अर्ज काढला. नाव, हुद्दा, तारीख भराभर लिहून झालं. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. उत्कर्षा खिडकीबाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'जुलाब'.

“पण सर, रजा मंजूर तुम्हीच करणार ना?”

“हो,” घोरपडे खाली दुसरी सही करत म्हणाले. “पण याची प्रत बंगलोरच्या हेड ऑफिसला जाते.”