नाव घेऊनच बोलवा

नारीन गावातल्या डॉक्टर मेलिस यांच्या दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलामागे बसलेल्या बेगाइमने सकाळच्या पहिल्या पेशंटचं नाव संगणकावर वाचलं आणि घाईने पडदा हाताने झाकून टाकला.

नाव होतं अल्तीनबेक. माणूस कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर, काम दाढ काढायचं. म्हणजे घाबरायचं ते खरं तर ड्रायव्हरने. पण बेगाइमच्या सासऱ्यांचं नावही अल्तीनबेकच होतं, आणि सुनेने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नसतं. त्या नावाच्या परक्या माणसाचंही नाही. अल्तीन म्हणजे सोनं. त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यापासून बेगाइमच्या बोलण्यातून सोनं नाहीसंच झालं होतं. बोटातली अंगठी 'पिवळी' होती, कानातले डूल 'पिवळे' होते, आणि दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दातांवरच्या टोप्याही 'पिवळ्या'च होत्या.

एरवी तिने वेळ मारून नेली असती. पेशंटजवळ जाऊन हळूच 'चला' म्हटलं असतं. पण आज समोरच्या बाकावर खुद्द सासूबाई बसल्या होत्या. डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, मांडीवर चहाचा थर्मास. नाटकाला यावं तशा सायराकान आपा सुनेचं काम बघायला आल्या होत्या. वाटेतच त्यांनी बजावलं होतं, "चारचौघांत पुरुषांना नावानं हाका मारतेस म्हणे. मार. पण ते एक नाव तोंडून आलं ना, तर उद्यापासून घरी. गाय आहे, पाहुणे आहेत, चहा ओतायचाय. कामाला काही तोटा नाही."

दुसऱ्या बाजूला डॉक्टर. मागे एकदा नुसतं 'पुढचे' असं ओरडल्यामुळे भलताच माणूस आत गेला होता आणि चांगला दात गमावून बाहेर आला होता. तेव्हापासून नियम झाला: नाव घ्यायचं, मोठ्याने घ्यायचं, आणि समोरून 'होय' आल्यावरच आत पाठवायचं. नियम मोडला तर नोकरी गेली. डॉक्टर स्वतः माणसांना चेहऱ्याने ओळखत नसत. माणसाने तोंड उघडलं की ओळखत.

बेगाइमला हे टेबल हवं होतं. इथे ती बसायची आणि लोक उभे राहायचे. घरी बरोबर उलटं होतं.

"बेगाइम, पाठव गं!" आतून आवाज आला.

ती उठली. बाकावर दोन पुरुष होते. एक डोंगराएवढा, टोपी नाकापर्यंत ओढून बसलेला. दुसरा किडकिडीत, गळ्यात टाय.

"ते... दाढवाले, आत या," बेगाइम म्हणाली.

डोंगर हलला नाही.

"नाव घे, नाव!" डॉक्टर आतून ओरडले.

सासूबाईंनी थर्मासचं झाकण फिरवायचं थांबवलं. डोळे मिटून बेगाइमने हाक मारली, "पिवळेबेक!"

टायवाला चटकन उभा राहिला. त्याचं नाव होतं सारीबेक, आणि सारी म्हणजे पिवळा. या नावावरून शाळेपासून त्याची थट्टा होत आली होती. दवाखान्यातही व्हावी याचं त्याला फारसं नवल वाटलं नाही. "होय, मीच," असं म्हणून तो आत गेला. डॉक्टरांनी 'होय' ऐकलं, दार लागलं.

"जमतंय की!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा ओतून घेतला.

बेगाइमच्या जिवात जीव आला. पुढचं नाव तर अगदी निर्धोक होतं. तिने छाती भरून हाक मारली, "सारीबेक!"

कोणी उठेना. ती डोंगराजवळ गेली. "दादा, तुम्ही सारीबेक ना? दात साफ करून घ्यायला आलेले?"

"नुसते साफच करायचेत?" टोपीखालून बारीक आवाज आला. "दुखत नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग मी सारीबेक."

"पोस्टात असता ना तुम्ही? नोंदीत तसं लिहिलंय."

डोंगराने छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, कोळशाने काळी झालेली स्वतःची नखं पाहिली आणि तो खचला. "अल्तीनबेक आहे हो मी. पण मला घाई नाही. कोणी वडीलधारे असतील तर त्यांना आधी जाऊ द्या."

बेगाइम धावली. आत सारीबेकचा अर्धा चेहरा बधिर झाला होता. "फाफ... फाफ कलायचे," तो विनवत होता.

"साफच करतोय," डॉक्टर म्हणाले. "मुळापासून." आणि त्यांनी पक्कड आत घातली.

"डॉक्टर, थांबा! हे सारीबेक! ते दुसरे!"

पक्कड रिकामीच बाहेर निघाली. सारीबेक खुर्चीतून उडाला आणि गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यासकट थेट रस्त्याला लागला.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यामुळे बेगाइम जास्तच घाबरली.

"नाव घेऊन बोलावलं होतंस?"

"जवळजवळ."

"मग आता पूर्ण घे. माझ्यासमोर. नाहीतर कोट उचल आणि घर गाठ."

दारात सासूबाई येऊन उभ्या होत्या. समोर पक्कड, मागे थर्मास. बेगाइम पुटपुटली, "डॉक्टर, माझ्या सासऱ्यांचं पण तेच..."

"असं होय! मग आपा, तुम्ही मारा हाक."

"मी?" सासूबाई कडाडल्या. "मी बायको आहे त्यांची! सगळा संसार झाला, एकदाही नाव घेतलं नाही."

"मग बोलावता कसं?"

"खोकते. ते येतात."

"माझा पेशंट खोकल्यावर येत नाही. आणि हाकाही मीच मारायच्या तर दात काय बेगाइम काढणार? नाव तरी काय आहे त्या माणसाचं?"

सासूबाईंना सुनेची थोडी दया आली असावी. त्यांनी तोंड उघडलं आणि चकाकणाऱ्या पिवळ्या दातावर बोट आपटलं. "हे! हे आहे ना, हे! आणि पुढे बेक!"

डॉक्टर वाकले. उघडलेलं तोंड दिसल्याबरोबर त्यांना समोर माणूस असल्यासारखं वाटलं. "बघू. आणखी उघडा. अरेरे! आपा, टोपी हलतेय. खाली सगळं कुजलंय. कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही!"

"मग मी हात लावल्यावर उडालात कशाला?"

पुढचं फार भराभर झालं. सासूबाई खुर्चीत होत्या, दिवा डोळ्यांवर होता, थर्मास बेगाइमच्या हातात होता. जिच्या खोकल्याने अख्खं घर उभं राहायचं त्या बाईने सुनेचं मनगट असं आवळलं की बोटं पांढरी पडली. डॉक्टरांनी सुई उजेडात धरली. सुईच्या टोकावर एक थेंब लटकला.

"अल्तीनबेक!" सासूबाईंनी टाहो फोडला. "धावा हो, अल्तीनबेक! मारलं मला!"

ड्रायव्हरचा एक बूट तेव्हा उंबऱ्याबाहेर पडला होता. टेबलावरच्या पोरीने बोलावलं असतं तर त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं असतं. पण आईच्या वयाची बाई नाव घेऊन असा आकांत करत असताना पळायचं कसं? तो वळला. दुधासारखं पांढरं तोंड घेऊन दारात उभा राहिला.

"होय," तो म्हणाला. "आलो, आपा."

डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. "नाव आलं. मोठ्याने आलं. होय पण आलं. शीक, बेगाइम. याला म्हणतात हाक!"

सासूबाई खुर्चीतून उतरल्या. ड्रायव्हर बसला.

संध्याकाळी चहाला सासऱ्यांनी विचारलं, "काय, कसं आहे सुनेचं काम?"

"चांगलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "करू दे तिला."

"मग माझंही नाव यादीत घाल, पोरी. ही मागची दाढ गरम प्यालं की ठणकते."

बेगाइमच्या हातातली किटली चहाच्या वाटीवर तशीच थबकली. तिने भीत भीत सासूबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे रोटी मोडत होत्या.

"नाव तू घाल गं," त्या म्हणाल्या. "हाक मी मारीन."