लेकीचं विमान आणि मास्तरांचा दोरा

"विचारायचं कशाला? काढायचं!" भूगोलाचे मास्तर गरजले. तीस वर्षं वर्गात हेच गरजले होते. निवृत्त झाल्यापासून वर्गात एकटी बायकोच उरली होती.

लेक चार वर्षांनी घरी येत होती, त्या बेटावरून या बेटावर, मधे नुसतं पाणी. बापाची खोड ओळखून तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी संध्याकाळी सहाला निघते. पोचते कधी, ते तुम्हीच काढा, बाबा!" मास्तर खूश! विमानतळाच्या दारातून बाहेर पडताना तिला पहिला चेहरा आपलाच दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

माळ्यावरून पृथ्वीगोल उतरला. शिवणाच्या डब्यातला दोरा दोन बेटांमधे ताणला गेला.

"सात हजार दोनशे किलोमीटर! ताशी आठशे धर. नऊ तास! आपलं घड्याळ तिच्या दोन तास पुढं. सोमवारी पहाटे पाच!"

"अहो, एकदा विमानतळावर फोन..."

"ते मला भूगोल शिकवणार?"

बायकोनं हात टेकले.

रविवारी सकाळी सातला मास्तर लेकीच्या खोलीला रंग देत होते. बेल वाजली. फाटका बनियन, नाकावर पिवळा रंग, अशा अवतारात त्यांनी दार उघडलं. समोर बॅग घेऊन लेक!

"तू इथं कशी?"

"विमानानं!"

"शक्यच नाही! तू अजून निघालीच नाहीस! तुला निघायला तेरा तास आहेत!"

"गणितात बसत नाही म्हणून पोरीला उंबऱ्यातच ठेवताय की काय!" आई धावत आली आणि लेकीच्या गळ्यात पडून रडू लागली.

लेकीनं पृथ्वीगोल ओढला आणि दोऱ्याच्या मधोमध बोट ठेवलं. "ही काय आहे, बाबा?"

"वाररेषा," मास्तर पुटपुटले. "ओलांडली की एक दिवस मागे... अगं, म्हणजे तू निघण्याआधीच पोचलीस!" त्यांचे डोळे चमकले. "ओलांडताना काही जाणवलं का गं? धक्काबिक्का?"

"भूक लागली. आणि पहाटे तासभर विमानतळाच्या दाराशी उभी होते. दिसेल त्या टकलात तुम्हाला शोधत."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मभर शिकवलेली रेषाच विसरलो, आणि पोर दाराशी एकटी उभी!

लेकीला ते पाहवेना. "उठा बाबा, विमानतळावर जाऊ. मी पुन्हा दारातून येते!"

मास्तरांनी बनियनवरच इस्त्रीचा सदरा चढवला. नाक तसंच पिवळं. विमानतळावर दोघींना उतरवून ते गाडी लावायला गेले. "आलोच दोन मिनिटांत!" जागा मिळाली ती पार टोकाला. इकडे लेक दाराजवळच्या खांबामागे लपली, दोनाची दहा मिनिटं झाली तशी कंटाळून बाहेर आली, आणि समोर आई दिसताच पुन्हा तिच्या गळ्यात पडली.

मास्तर धापा टाकत पोचले. दोघींकडे बघत उभे राहिले.

"अजून एकदा येतेस का गं?" त्यांनी हळूच विचारलं.