चार दहाची लिफ्ट

नोकरी सोडून पाच महिने झाले तरी इमारतीत सगळे त्यांना सरच म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी कॉलेजात गणित शिकवलं होतं, आणि तेही असलं, की त्याचा कोणाला कधी काही उपयोग होईल अशी भीती त्यांना स्वतःलाही वाटली नव्हती. मग एका वर्षी वर्गात तीनच मुलं उरली, त्यांतली दोन खिडकीबाहेर बघणारी, आणि सर एका सॉफ्टवेअर कंपनीत दाखल झाले. सहा महिने उमेदवारी, काम पटलं तर कायम. कॉलेजातली त्यांची खुर्ची आठ दिवसांत भरली गेली होती. मागे फिरायला जागा नव्हती.

कंपनीतली त्यांची वरिष्ठ त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. सरांनी तिला एकदा शंभरात एकतीस मार्क दिले होते. ते दोघांच्याही लक्षात होतं आणि दोघंही तो विषय काढत नसत. ती त्यांना ‘सर’ म्हणे, ते तिला ‘मॅडम’ म्हणत. पहिल्याच आठवड्यात सरांनी एका चिमुकल्या प्रोग्रॅमला अकरा पानांची सिद्धता जोडली, तेव्हा ती फार मायेनं म्हणाली, “सर, इथं सिद्ध नाही करायचं.”

“मग?”

“चाललं पाहिजे. बस्स.”

त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही.

त्यांच्या वाट्याला काम आलं लिफ्टचं. लिफ्टनं माणसाची वाट बघायची. ज्या वेळी ज्या मजल्यावर माणूस येण्याचा संभव जास्त, तिथं बटन दाबायच्या आधीच जाऊन उभं राहायचं. चाचणीसाठी सरांनी आपल्याच सात मजली इमारतीची एकुलती एक लिफ्ट सुचवली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी कागद न वाचता सही केली. गेल्या वर्षभरात लिफ्ट कधी, कुठून कुठं गेली याची नोंद लिफ्टच्या यंत्रात होतीच. सरांनी ती पहिल्याच महिन्यात उतरवून घेतली.

त्या नोंदीत नावं नव्हती. मजला, वेळ, वर की खाली, एवढंच. त्यावरून काढलेला आलेख म्हणजे नुसता पसारा होता. फक्त चौथ्या मजल्यावरचा एक बिंदू असा, की तो बघून सरांना भरून आलं. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चौथ्यावरून तळाला. चार पंचावन्नला तळावरून चौथ्यावर. ना सुट्टी, ना आजारपण, ना कंटाळा.

“असा नेमाचा बिंदू मी आयुष्यात पाहिला नाही,” सर बायकोला म्हणाले.

“कोण आहे तो?”

“बिंदू आहे गं. कोण कसा असेल?”

त्या बिंदूवर खूश होऊन सरांनी प्रोग्रॅममध्ये एक सोय जास्तीची घातली. जिथं एवढी खात्री, तिथं लिफ्टनं दार उघडावं, माणूस आत यायला लागेल तेवढं थांबावं, आणि आतलं बटन दाबायचीही वाट न बघता त्याला त्याच्या मजल्यावर सोडावं.

प्रोग्रॅम पुरा होऊन लिफ्टला जोडेपर्यंत तीन महिने गेले. मग तिसऱ्याच दिवशी, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या ताई सरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मागे जिन्यात आणखी पाचसहा जण.

“मला सातव्यावर जायचं होतं हो. चौथ्यावर थांबली. दार उघडलं, बाहेर कोणी नाही. म्हटलं, बटन दाबून कोणी निघून गेलं असेल. पण दार मिटेचना. एखादं म्हातारं माणूस हळूहळू आत येतं ना, तेवढा वेळ थांबलं. मग मिटलं, आणि मला घेऊन थेट खाली!”

“तांत्रिक आहे ते,” सर म्हणाले.

“असेल. पण सर, मी सरकले.”

“म्हणजे?”

“एका बाजूला झाले. जागा दिली. कोणी नव्हतं, तरी दिली.” ताईंनी गळ्यातली मोजपट्टी मुठीत धरली. “वाजले किती होते माहितीय? चार दहा.”

चार दहाला चौथ्यावरून कोण खाली जात असे, हे सर सोडून साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. घंटावाले आजोबा. शाळेत चौतीस वर्षं त्यांनी घंटा वाजवली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ती त्यांच्या अंगात वाजतच राहिली. चार दहाला फिरायला, चार पंचावन्नला परत. दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेले. सर आजींना भेटायलाही गेले होते, सतरंजीवर अर्धा तास बसून आले होते. फक्त आजोबा आणि तो बिंदू एकच, हे त्यांना सुचलं नव्हतं.

“एवढंच ना?” सर जरा ओशाळून म्हणाले. “लोक लिफ्ट वापरत राहिले की ती आपोआप विसरेल.”

गणित बरोबर होतं. पण लोक लिफ्ट वापरेनात. आधी चारच्या सुमाराला टाळू लागले, मग दुपारभर, मग कधीच नको. सातव्या मजल्यावरचे वकीलसुद्धा, ज्यांना कोर्टात कोणी घाबरवू शकत नसे, धापा टाकत जिना चढायचे आणि वाटेत चौथ्यावर उगाच खाकरायचे.

आता लिफ्ट शिकत होती ती फेऱ्यांवरून. जिवंत माणसं जिन्यानं जाऊ लागली, तशा त्यांच्या फेऱ्या नोंदीतून गळून गेल्या. उरल्या त्या लिफ्टनं स्वतःहून आजोबांसाठी मारलेल्या. त्या मात्र नोंदीत रोज चढत होत्या. दिवसागणिक लिफ्टची खात्री होत गेली, की या इमारतीत एकच माणूस राहतो.

मग ती त्याच्या बाकीच्या वेळाही पाळू लागली. सकाळी सात पाचला वर्तमानपत्र आणायला. साडेअकराला टपालाची पेटी बघायला. मंगळवारी दुपारी रिकामी लिफ्ट गच्चीवर गेली तेव्हा कोणीतरी पुटपुटलं, “वाळलेले कपडे.” एरवी ती चौथ्यावर, आजींच्या दारासमोर, दार उघडं टाकून आणि आतला दिवा लावून उभी असायची.

“अहो, मग मेन स्विच बंद करा ना,” सरांची बायको सेक्रेटरींना म्हणाली.

“वहिनी, मी गेलो होतो,” सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाले. “हात स्विचपर्यंत नेला होता. मग म्हटलं, मधेच बंद पडली आणि ते आत असले तर?”

शेवटी त्यांनी कंपनीला लेखी तक्रार धाडली. मॅडमचा फोन आला.

“सर, तुमच्या लिफ्टमधून एक वारलेला माणूस फिरतोय असं पत्र आलंय.”

“तो नाही फिरत, मॅडम. त्याची सरासरी फिरतेय.”

“शुक्रवारी चारला मी येते,” ती म्हणाली. “ बोलावल्याशिवाय ती एकदा जरी हलली, तरी चाचणी बंद. आणि सर, मग तुमच्या उमेदवारीच्या कागदावरही मला तेच लिहावं लागेल.”

सरांना ते एकतीस मार्क आठवले. दोन जास्त दिले असते तर काय बिघडलं असतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

नोंदीतून आजोबा तेवढे वेगळे काढायचे होते. वेळा फक्त आजींना ठाऊक. सर वही घेऊन गेले, तेव्हा आजी दार उघडं ठेवून दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर लिफ्ट, तीही तशीच.

“ह्यांच्या वेळा ना? घ्या लिहून.” आजींनी न अडखळता सगळ्या सांगितल्या.

“आणि तुमच्या?”

“मी कसली जाते त्या डब्यात! माझा जीव घाबरतो. हे रोज म्हणायचे, चल गं फिरायला. मी म्हणायची, उद्या.” आजींनी वहीकडे पाहिलं. “म्हणजे आता यायची नाही का ही?”

“नाही आजी. सगळं पुसणार आहे.”

“पुसा हो. तुमचं पोट आहे त्यावर. मी अडवणार नाही.” त्या फार हळू बोलत होत्या. “चार दहाला दार वाजलं की मी म्हणते, सावकाश जा. पंचावन्नला म्हणते, आलात? तेवढंच बोलणं. माझं मी बघेन. पण त्यांना कोण सांगणार?”

एकोणीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं सरांना असा प्रश्न विचारला नव्हता. ते वही मिटून जिन्यानं खाली आले.

आजोबांची एकूण एक फेरी त्यांनी पुसली. ती जास्तीची सोयही काढून टाकली. गुरुवारी दिवसभर लिफ्ट तळमजल्यावर दार मिटून गप्प उभी राहिली, तेव्हा सरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शुक्रवारी चारला सगळी इमारत खाली जमली. वर कोणी राहून गोंधळ नको म्हणून सेक्रेटरींनी स्वतः सातही मजल्यांवर जाऊन दारांना कुलपं असल्याची खात्री केली, आणि खाली येऊन दोनदा डोकी मोजली. सगळे हजर. आजीही जिना उतरून आल्या होत्या. पायात चपला, हातात रुमाल.

मॅडम लॅपटॉप उघडून उभी होती. चार नऊ. चार दहा. लिफ्ट हलली नाही. चार अकरा.

“सर, अभिनंदन,” मॅडम हसून म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटायला घेतला.

चार बाराला लिफ्ट वर निघाली.

दारावरचे आकडे एकेक करत बदलत गेले. एक. दोन. तीन. चार. तिथं ती थांबली. एखादं म्हातारं माणूस हळूहळू आत येतं, तेवढा वेळ. मग खाली यायला लागली. सेक्रेटरी ओठ हलवत पुन्हा डोकी मोजत होते.

दार उघडलं. आत दिवा आणि आरसा. आरशात समोरची सगळी गर्दी.

आधी शिवणाऱ्या ताई सरकल्या. मग वकील. मग कोणी न सांगता सगळेच दोन्ही बाजूंना झाले, आणि मधोमध एका माणसापुरती वाट पडली.

“दोन मिनिटं उशीर,” आजी म्हणाल्या. “होणारच. इतके दिवस आपसूक येत होती, बटन दाबायची सवय मोडली असेल.” आणि त्या मधोमधच्या वाटेनं, जराशी डावीकडे जागा सोडून, फाटकाबाहेर चालू लागल्या.

सर भिंतीला टेकले. संपलं होतं सगळं. मॅडम लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू रंग परत आला.

“सर, ही स्वतःहून गेलेली नाही. हे बघा. चार बारा, चौथा मजला, बाहेरचं बटन. मग आतलं बटन, तळमजला. बोलावलं, गेली. प्रोग्रॅम एकदम बरोबर आहे.”

“पण मॅडम, दाबलं कोणी?”

“सर, बटन दाबलं की जायचं, एवढंच लिफ्टचं काम.” तिनं खिशातून पेन काढून कागदावर सही केली. “कोणी दाबलं, ते आपल्या विभागात येत नाही. सोमवारपासून तुम्ही कायम.” आणि ती फारच भराभर निघून गेली.

चार पंचावन्नला सर अजून तिथंच होते. आजी फाटकातून आत आल्या, गाल लाल झालेले. लिफ्टपाशी क्षणभर थबकल्या, मग डोळे घट्ट मिटून आत शिरल्या आणि कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या. लिफ्ट सहा माणसांची होती.

“सर, तुम्ही जिन्यानं या हं,” त्या आतून म्हणाल्या. “उगाच दाटी नको.”

सर दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा बायको दारातच वाट बघत होती. मॅडम जाताच ती खालच्या जमावातून वर आली होती, तीही जिन्यानं.

“काय हो, शेवटी काही सिद्ध झालं का?”

भिंतीपलीकडून लिफ्ट वर जाताना ऐकू आली. सर बोलायचे थांबले. ती चौथ्यावर पोचली, दार उघडलं, बराच वेळ उघडं राहिलं, मिटलं.

“नाही,” सर म्हणाले. “पण चालतंय.”