दोरीवर वाळणारी विमानं

नौपाड्यात आमच्या शेजारच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर विमानं वाळत घातलेली असतात. खेळण्यातली, आणि अख्खी नव्हेत, सुटी. करड्या प्लास्टिकच्या चौकटीला लोंबणारे पंख, शेपट्या, चाकं. साबणाच्या पाण्यातून काढून, चिमटे लावून, बनियनच्या शेजारी. एकदा त्यातलं पाणी खालच्या जोशीबाईंच्या पापडांवर ठिबकलं, तशा त्या तणतणत वर आल्या. विमानांचे मालक कर्णिककाका शांत. "अहो, साच्यातून सुटावं म्हणून ह्याला तेल लावलेलं असतं. धुतल्याशिवाय रंग धरत नाही. वाळू दे आधी, मग बोलू."

"वाळू दे आधी" हे काकांचं सगळ्यावरचं उत्तर. बिल्डिंग पाडून नवी बांधायची मीटिंग असो, नाहीतर माझा नवऱ्याशी उडालेला खटका असो. आमची भिंत पातळ आहे, त्यामुळे खटका त्यांना आमच्याइतकाच पाठ असतो. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले की म्हणतात, "मंजू, ओल्यावर हात लावू नये. ठसा राहतो."

हा नाद त्यांना काकू गेल्यानंतर लागला. पुतण्याच्या मुलाच्या वाढदिवसाला म्हणून त्यांनी सुटे भाग जोडून करायच्या विमानाचा डबा घेतला. घरी येऊन चष्मा लावून वाचतात तर त्यावर 'चौदा वर्षांवरील' असं छापलेलं. "पोर पाच वर्षांचं," काका सांगतात, "मी मात्र नियमात बसत होतो." पोराला त्यांनी चेंडू दिला.

पहिलं विमान त्यांनी घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडायला घेतलं. त्या संध्याकाळी आमची बेल वाजली. काकांनी ती कोपराने वाजवली होती, कारण उजव्या अंगठ्याला विमानाचा पंख चिकटला होता आणि डावा हात गोंदाने माखला होता. मी मोठ्या हुशारीने नेलपॉलिश काढायचं पाणी आणून ओतलं. अंगठा सुटला, पण पंख विरघळून भाजलेल्या पापडासारखा वाकडा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी पंख उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे हे ह्याच्यावर वापरायचं नाही. बरं कळलं." त्यानंतर मात्र माझ्या ड्रेसिंग टेबलावर त्यांची नजर गेली. जुनी नेलपॉलिशं, नखं घासायच्या फाइली, इयरबड, सगळं ते हक्काने मागून न्यायला लागले. माझ्या लग्नातली गुलाबी छटा आज एका लढाऊ विमानाच्या नाकावर आहे.

काकू होत्या तोवर दोघांचं मिळून काकूच बोलायच्या. काका नुसते हं म्हणायचे. आता ज्याला हं म्हणावं असं बोलणारं कोणी उरलं नव्हतं, आणि एकट्याने विमान करताना बोलणार कोणाशी. मग एके दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: 'प्लास्टिकची विमाने बनविण्यास शिकवू. दर रविवारी सकाळी. वयाची अट नाही. फी नाही. चहा मिळेल.'

बिल्डिंगमध्ये चेष्टेला ऊत आला. सेक्रेटरी म्हणाले, "काकांचं दुसरं बालपण चाललंय." तिसऱ्या मजल्यावरची रसिका म्हणाली, "आमच्याला रविवारी तीन क्लास असतात, त्यात हे कुठे कोंबू?" मीही हसले. मला कशाला खोटं बोलायचंय.

रविवारी मी त्यांची वाटी परत द्यायला गेले तर दार सताड उघडं होतं. हॉलमध्ये गणपतीतल्या सोसायटीच्या खुर्च्या मांडलेल्या. प्रत्येक खुर्चीपुढे वर्तमानपत्राचा कागद, त्यावर नेलकटर आणि पॉलिशपेपरचा तुकडा. गॅसवर मोठं पातेलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध उभे.

"ये ये," ते म्हणाले. "बाकीचे येतीलच आता."

मला म्हणायचं होतं, काका, मी वाटी द्यायला आलेले. पण मी बसले. बाकीचं कोणी आलं नाही, आणि उरलेला चहा काकांनी मोरीत ओतताना मी मुद्दाम कागदात डोकं घातलं.

तेव्हापासून दर रविवारी मी जाते. शाळेत चित्रकलेत मी काठावर पास व्हायचे, त्यामुळे विमान काही केल्या पुढे सरकत नव्हतं. काकांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. मी पंख उलटा लावला तर ते चक्क खुश व्हायचे. आणि बोलायचे. काकूंच्या हातची वालाची उसळ, काकूंचं रिक्षावाल्याशी भांडण, सगळं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

होता होता विमान पुरं होत आलं. फक्त एक चाक उरलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी म्हणाले, "काका, आज संपणार हं. पुढच्या रविवारी मी झोपा काढणार." काका चष्मा काढून पुसत बसले.

नेमकं ते चाक चिमट्यातून निसटलं आणि टिक करून फरशीवर पडलं. काकांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. ते खुर्चीतून बॅटरी मारत राहिले आणि मी जमिनीवर रांगत राहिले. मला ते दिसलं. त्यांच्याच खुर्चीच्या पायाशी, दोन फरशांच्या फटीत. मी हात पुढे करणार, एवढ्यात काकांची स्लीपर हळूच सरकली आणि चाकावर येऊन थांबली.

मी वर बघितलं. काका लांब पलंगाखाली बॅटरी मारत होते. "छे, दिसत नाही गं," ते म्हणाले.

माझ्यासारखीच्या दोन तासांसाठी ह्या माणसाने पायाखाली चाक दडवावं.

"पुढच्या रविवारी शोधू," ते म्हणाले. "तुला वेळ असला तर."

"आहे ना," मी म्हणाले, आणि त्यांच्या खुर्चीकडे पाठ करून कपाटाखाली आणखी बराच वेळ शोधत राहिले.